दॉक-सॉनला काय हवं होतं, हे कुणी विचारलं?

'रिप्लाय 1988' ही कोरियन मालिका संपून दहाएक वर्षं झाली, तरी कुणी नव्याने बघायला घेतली की शेवटच्या दोन-तीन भागांत तोच आक्रोश सुरू होतो: जॉंग-ह्वानवर अन्याय झाला! माझ्या मावशीचाही परवा फोन आला. "अगं, एवढा जीव लावला पोराने, आणि त्याच्या पदरात काय पडलं?" मावशी मला प्रिय, जॉंग-ह्वानही प्रिय. पण या वादात मला जे ठामपणे वाटतं ते आज सविस्तर लिहितेय. मालिका पाहायची राहिली असेल तर इथेच थांबा, कारण पुढे शेवटासकट सगळं आहे. थोडक्यात सांगायचं तर दॉक-सॉन ही नायिका. तिच्याच गल्लीतले दोन मित्र, जॉंग-ह्वान आणि गो हा पटावरचा खेळ खेळणारा टेक, तिच्यावर जीव लावतात, आणि शेवटी ती टेकशी लग्न करते.

हे भांडण फक्त आपल्याकडचं नाही. नोव्हेंबर 2015 ते जानेवारी 2016 मध्ये मालिका टीव्हीएन वाहिनीवर चालू होती, तेव्हाच कोरियात प्रेक्षकांचे सरळ दोन तट पडले होते. एकांचं म्हणणं, काही झालं तरी दॉक-सॉनचा नवरा र्यू जुन-यॉलच (म्हणजे आपल्या जॉंग-ह्वानचं काम करणारा नट). दुसऱ्यांचं म्हणणं, नवरा टेकच. दिग्दर्शक शिन वॉन-हो आणि लेखिका ली वू-जंग यांनी 1997 आणि 1994 या आधीच्या दोन 'रिप्लाय' मालिकांमध्येही हाच खेळ मांडला होता. आजच्या काळातली बायको समोर बसून आठवणी सांगते, आणि तिचा नवरा त्या पोरांपैकी कोण, हे आपण ओळखत राहायचं.

आता जॉंग-ह्वानची बाजू. ती मला पाठ आहे. सकाळी दॉक-सॉन घराबाहेर पडेपर्यंत तो दारात बसून बुटाची नाडी सोडतो, पुन्हा बांधतो, पुन्हा सोडतो. ती निघाली की हाही "सहज" निघाल्यासारखा निघतो. गर्दीच्या बसमध्ये तिला धक्का लागू नये म्हणून दोन्ही हात टेकवून उभा राहतो. रात्री ती अभ्यासिकेतून परत येईपर्यंत जागा असतो. र्यू जुन-यॉलने हे सगळं नुसत्या डोळ्यांनी केलंय. ते बघून कुणाचंही काळीज हलेल.

पण हे पाहिलं कुणी? आपण. कॅमेरा दाराच्या आत होता, दॉक-सॉन दाराबाहेर होती. नाडीचं तिला माहीत नाही, जागरणाचं माहीत नाही. तिच्या वाट्याला आलेला जॉंग-ह्वान म्हणजे येता-जाता खेकसणारा, चिडवणारा शेजारचा मुलगा. वाढदिवसाला तिने त्याला गुलाबी शर्ट दिला, आणि मग तसाच शर्ट त्याच्या मोठ्या भावाच्या अंगावर दिसला. तिने काय समजायचं? एकदा तर तिने त्याला थेट विचारलं होतं, ब्लाइंड डेटला जाऊ का म्हणून. "नको जाऊस," एवढं तो म्हणाला. तिथे दार किलकिलं झालं होतं. पुढचं वाक्य त्याने बोललंच नाही. नंतर टेकने मित्रांसमोर सांगून टाकलं की आपल्याला दॉक-सॉन आवडते, आणि जॉंग-ह्वान तिला टाळू लागला. मैत्रीखातर गप्प बसला, मान्य. पण हा निर्णय दोन मुलांच्या मनातल्या मनात झाला, आणि ज्या मुलीबद्दल तो होता तिला त्याचा पत्ताही नव्हता.

टेकही काही धुतल्या तांदळासारखा नाही. जॉंग-ह्वानच्या पाकिटातला दॉक-सॉनबरोबरचा फोटो पाहिल्यावर त्यानेही तसंच केलं. ठरलेला सिनेमा रद्द केला आणि वर्षानुवर्षं गप्प राहिला. म्हणून "टेकने हिसकावून घेतली" या म्हणण्यातही काही दम नाही.

मालिका सुरू होते तेव्हा दॉक-सॉन कशी आहे, आठवा. तीन भावंडांतली मधली. केक मोठ्या बहिणीच्या वाढदिवसाचा, त्यातच मेणबत्त्या कमी करून हिचाही वाढदिवस उरकतात. कोंबडीच्या तंगड्या बहिणीला आणि भावाला, हिला उरलेलं. ही शेवटी फुटते आणि रडत ओरडते, तो पहिल्या भागातला प्रसंग मी आजही कोरड्या डोळ्यांनी बघू शकत नाही. अशा मुलीला कुणी नुसतं म्हटलं, "तो तुझ्यावर मरतो," तर तिचं काय होईल? तेच होतं. मैत्रिणी म्हणतात गल्लीतला सन-वू, हिला सन-वू आवडायला लागतो. मैत्रिणी म्हणतात जॉंग-ह्वान, हिची नजर तिकडे वळते. आपण कुणाला तरी हवे आहोत, या कल्पनेवरच ती प्रेम करते आहे.

मग त्याच टोळीतला मित्र डोंग-र्योंग तिला जे विचारतो तो माझ्या मते सगळ्या मालिकेचा कणा आहे. तुझ्यावर कोण प्रेम करतं ते सोड, तुला स्वतःला कोण आवडतं? ज्याला घरचे वाया गेलेला समजतात, त्या पोराच्या तोंडी हा प्रश्न आहे. दॉक-सॉनकडे उत्तर नसतं. इथून पुढची गोष्ट तिने ते उत्तर शोधण्याची आहे. बीजिंगला स्पर्धेसाठी टेकच्या सोबत ती जाते, त्याचं खाणंपिणं, हवं-नको बघते. शाळेत तळाला असलेली ही मुलगी तिथे किती खमकी आहे! पुढे ती हवाईसुंदरी होते, स्वतःच्या पायावर उभी राहते. 1994 मध्ये गायक ली सुंग-ह्वानच्या कार्यक्रमाबाहेर ती एकटी उभी असते, तेव्हा टेक आपला सामना सोडून येतो. जॉंग-ह्वानही निघालेला असतो, पण लाल सिग्नलला अडकतो. पोचतो तोवर उशीर झालेला. आणि तो स्वतःच मनाशी कबूल करतो की दोष सिग्नलचा नव्हता, आपल्या कच खाण्याचा होता. एवढं प्रामाणिक त्याला लिहिलंय, आणि त्याचे चाहते मात्र अजून सिग्नललाच शिव्या घालतात.

आता माझा खरा राग. तो मालिका बनवणाऱ्यांवर आहे. नवरा कोण हे कोडं टिकवायचं म्हणून त्यांनी मधल्या वर्षांतलं दॉक-सॉनचं मन आपल्यापासून लपवलं. जॉंग-ह्वानचा एकेक उसासा दाखवला, टेकच्या झोपेच्या गोळ्या दाखवल्या, आणि जिच्यावर सगळं फिरतं ती कधी, कशी टेककडे वळली हे बीजिंगच्या हॉटेलमधल्या त्या चुंबनापर्यंत गुलदस्त्यात ठेवलं. वर आजच्या काळातल्या नवऱ्याला (किम जू-ह्यॉक, किती गोड काम केलंय त्यांनी) जॉंग-ह्वानसारखं तिरकस बोलायला लावून लोकांना मुद्दाम चकवलं. मग प्रेक्षकांना ती निवड आकाशातून पडल्यासारखी वाटली तर नवल काय? जॉंग-ह्वानच्या चाहत्यांचं हे दुखणं मला पूर्ण पटतं. फसवणूक झालीच. फक्त ती नवरा बदलून झाली नाही, नायिकेचं मन झाकून झाली.

"तो तिला जास्त लायक होता" हे वाक्य मात्र मला खटकतं, कुठल्याही बाजूने आलं तरी. लायकीवर बक्षीस मिळतं. दॉक-सॉन हे बक्षीस आहे का? दोघांपैकी कुणी जास्त सोसलं याचा हिशेब मांडून मुलगी त्याच्या हवाली करायची, ही रीत आपल्या ओळखीची आहे, म्हणूनच मला ती इथे नको वाटते.

मावशीला मी सांगितलंय, अठरावा भाग पुन्हा लाव. जॉंग-ह्वान अंगठी पुढे ठेवून मनातलं सगळं सांगतो आणि मग डोंग-र्योंगकडे वळून त्याची थट्टा करून टाकतो, तो प्रसंग. या वेळी त्याच्याकडे बघू नकोस. तो बोलत असताना फक्त दॉक-सॉनकडे बघ, आणि मग मला फोन कर. तुम्हीही बघा आणि खाली लिहा, तुम्हाला तिच्या चेहऱ्यावर काय दिसलं. टेकवाल्यांनीही लिहा, पण जॉंग-ह्वानला नावं न ठेवता.