म्हणे कॉम्प्युटर कधीच चुकत नाही!

"कॉम्प्युटर कधीच चुकत नाही, चुकतो तो माणूस. विमानंसुद्धा कॉम्प्युटरवरच उडतात. नातवाला जमतं मग आजोबांना का नाही? बटणं कमी केली की अॅप सोपं होतं. अॅप जमत नसेल तर दोष अॅपला नाही, स्वतःला द्या." हा फॉरवर्ड गेले कित्येक दिवस ग्रुपाग्रुपांवर फिरतोय, शेवटी माझ्या आईपर्यंत पोचला. आता पेमेंट अडकलं की ती आधीच म्हणते, "माझंच काहीतरी चुकलं असणार." म्हणून लिहितोय, नाहीतर असल्या मेसेजांच्या नादी कोण लागतं.

पहिला मुद्दा, कॉम्प्युटर चुकत नाही. ब्रिटनचं पोस्ट ऑफिस अगदी हेच म्हणत होतं! १९९९ पासून तिथल्या शाखांमध्ये फुजित्सू या जपानी कंपनीचं होरायझन नावाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर आलं, त्यात रोकड कमी दिसली की शाखा चालवणाऱ्यावर चोरीचा नाहीतर खोट्या हिशेबाचा ठपका. नऊशेहून जास्त लोक दोषी ठरले, काही तुरुंगात गेले, कित्येकांनी न घेतलेले पैसे पदरचे भरले. आणि चूक कसली, तर स्कॉटलंडमधल्या डालमेलिंग्टनचं बघा. २०१५ मध्ये तिथे ८,००० पौंड सिस्टीममध्ये जमा करून घेताना एंटर दाबलं तरी स्क्रीन हलेना. मग माणूस काय करणार, परत दाबणार, तुम्हीआम्हीही तेच केलं असतं. चारदा दाबलं, सिस्टीमने चारही वेळा ८,००० धरले, झाले ३२,०००, आणि बसल्या जागी २४,००० ची तूट. ही निदान पकडली तरी गेली. शेवटी २०१९ मध्ये लंडनच्या हायकोर्टात जज फ्रेझर यांनी निकालातच लिहिलं की सिस्टीम चुकत नाही हा पोस्टाचा हट्ट म्हणजे एकविसाव्या शतकात पृथ्वी सपाट आहे म्हणण्यातला प्रकार. २०२४ मध्ये तर पार्लमेंटला कायदा करून शिक्षा घाऊक रद्द कराव्या लागल्या.

लांब कशाला जायचं, आपल्या रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे, यूपीआयने पाठवलेले पैसे तुमच्या खात्यातून गेले पण समोरच्याला मिळाले नाहीत तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत, नाहीतर पुढे रोज १०० रुपये भरपाई. सिस्टीम चुकतच नसेल तर हा नियम काय शोभेला केलाय?

विमानं कॉम्प्युटरवरच उडतात, हा दुसरा मुद्दा. बरं, ऑटोमेशनने विमानप्रवास जास्त सुरक्षित झाला हे मान्य, नाइलाजाने का होईना. पण बोइंगच्या ७३७ मॅक्स विमानांच्या दोन अपघातांत ३४६ माणसं गेली, सॉफ्टवेअर एका सेन्सरच्या चुकीच्या आकड्यावर विसंबून विमानाचं नाक खाली ढकलत राहिलं, आणि पहिल्या अपघाताआधी पायलटांच्या मॅन्युअलमध्ये त्याचा साधा उल्लेख नव्हता. हे मेसेजमध्ये कुठाय?

"नातवाला जमतं मग आजोबांना का नाही?" अहो, नातवाचं बोट चुकलं तर तो गेम हरतो, आजोबांची पेन्शन जाते. ते दहादा विचार करून दाबणारच.

बटणं कमी केली की अॅप सोपं होतं, हे तर सोडूनच द्या. अॅप बनवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे, पैसे पाठवायचं बटण एकदा दाबलं की ते बंद करा, आणि नुसतं गोल चक्र फिरवत ठेवण्यापेक्षा पैसे गेले की नाही, परत दाबायचं की थांबायचं, हे मराठीत एका ओळीत लिहा.