जुना एसएमपीएस आणि ओव्हरक्लॉकिंग : एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा : २०१४ चा ६५० वॉटचा गोल्ड एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) ठणठणीत आहे, मशीनला किती वीज लागेल ते सांगणारा ऑनलाइन कॅल्क्युलेटर ४६० वॉटच दाखवतो, मग तो बदलायला सांगणं म्हणजे उगाच खिशाला कात्री. मशीन स्टॉक, म्हणजे कंपनीच्या मूळ सेटिंगवर चालवणार असाल तर तुमचं म्हणणं मान्य. वाद फक्त ओव्हरक्लॉकचा, म्हणजे प्रोसेसर त्याच्या ठरलेल्या वेगाहून जास्त पळवण्याचा आहे.

तुमच्या आय५-१४६००के प्रोसेसरच्या खपाची कमाल मर्यादा १८१ वॉट. व्होल्टेज १.२५ वरून १.३५ आणि क्लॉक ५.३ वरून ५.६ गिगाहर्ट्झ केलं, तर खप व्होल्टेजच्या वर्गाने आणि क्लॉकच्या पटीत वाढतो. म्हणजे साधारण २२३ वॉट. हेही सोसेल. पण २२० वॉटचं ग्राफिक्स कार्ड क्षणभर त्याच्या कितीतरी वर उसळी मारतं, आणि कॅल्क्युलेटरला ती दिसत नाही. २०२२ च्या एटीएक्स ३.० या एसएमपीएसच्या मानकात १०० मायक्रोसेकंदांसाठी दुप्पट भार झेलायची अट आली ती याचमुळे. तुमचा एसएमपीएस त्याच्या आठ वर्षं आधीचा.

मशीन एकदम बंद पडलं तर निदान कळतं तरी. खरी डोकेदुखी वेगळी. कपॅसिटर थकले की भाराखाली १२ व्होल्टचा पुरवठा खाली बसतो, रिपल म्हणजे त्यातला बारीक चढउतार वाढतो (मर्यादा १२० मिलिव्होल्ट) आणि गेममध्ये अधूनमधून क्रॅश होतो. माणूस समजतो व्हीकोर (प्रोसेसरला दिलेलं व्होल्टेज) कमी पडतोय, तो वाढवतो, भार आणखी चढतो. या फेऱ्यात आठवडे जातात आणि दोष बिचाऱ्या प्रोसेसरच्या माथी.

‘गोल्ड’बद्दल : ते प्रमाणपत्र कार्यक्षमतेचं, तेही २३ अंशांवर तपासलेलं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ ला टेकतो, कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त. कपॅसिटरचं तापमान दर १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. त्यात घर यंत्रमागांच्या आसपास असेल तर जाळीमागे सुताच्या तुसाची चक्क गादी बसलेली असते. पंख्याचं पातं काडीने अडवून बाहेरूनच ब्लोअर मारा. डबा उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३५०-४०० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ टिकतात.

तरीही जुनाच वापरायचाय? लेबलवर +१२ व्ही चे अँपिअर बघा. तुम्ही ५२ लिहिलेत, म्हणजे ६२४ वॉट. आकडा प्रामाणिक आहे. (बाजारात ‘४५० वॉट’ छापलेल्या डब्यांवर १६-१८ अँपिअरही दिसतात, त्यांचा विषयच सोडा.) मल्टिमीटर डीसी २० वर ठेवा, मोकळ्या मोलेक्सच्या (एसएमपीएसमधून येणाऱ्या चार पिनांच्या जोडणीच्या) पिवळ्या-काळ्या वायरींवर रीडिंग घ्या, आधी निवांत असताना, मग ओसीसीटी या मशीनवर भार टाकणाऱ्या सॉफ्टवेअरची पॉवर टेस्ट अर्धा तास चालवून. कॅबिनेटचं झाकण लावलेलं, वेळ भर दुपारची. ११.४ च्या खाली गेला तर नापास. निवांत रीडिंगपेक्षा ०.३ व्होल्टने जरी पडला तरी मी त्यावर ओव्हरक्लॉक करणार नाही. बायोसमधला आकडा धरू नका, तो भाराशिवायचा असतो. रिपल मात्र मल्टिमीटरला नीट दिसत नाही. त्याला ऑसिलोस्कोपच हवा.

आणि उद्या नवा घेतलाच, तर जुन्या मॉड्युलर (एसएमपीएसपासून सुट्या होणाऱ्या) केबल त्याला लावू नका. एसएमपीएसच्या बाजूची पिनरचना प्रत्येक कंपनीची वेगळी, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचीही. प्लग बरोबर बसतो आणि पाच व्होल्टच्या जागी बारा जाऊन एसएसडी जळते.