चित्रकारांचे गालिचे: त्या मेसेजमधलं काय खोटं आहे

नागपूरच्या ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय: "मोठ्या चित्रकारांच्या नावाचे हाताने विणलेले लोकरी गालिचे म्हणजे लूट. चित्रकार नुसता कागद देतो, विणकर नक्कल करतो, मशीनवर हुबेहूब तेच निघतं, आणि आपल्या उन्हात लोकर हवीच कशाला?" पटापट फॉरवर्ड करण्याआधी हे वाचा.

चित्रकार नुसता कागद देतो? आयरिश डिझायनर आयलीन ग्रे आणि तिची मैत्रीण एव्हलिन वाइल्ड मोरोक्कोत जाऊन तिथल्या बायकांकडून लोकर रंगवायला आणि विणायला शिकल्या, मग पॅरिसमध्ये माग लावले. १९२२ मध्ये ग्रेने काढलेल्या दुकानात तेच गालिचे विकले जात. फर्नां लेजे या फ्रेंच चित्रकारासारख्यांनी मात्र चित्रंच दिली, विणकाम अल्जीरियातल्या हातांनी केलं. म्हणून ती नक्कल ठरते का?

हा नक्कलेचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकला. आपल्या नागपूरच्या कलाशाळेत शिकलेले चित्रकार सय्यद हैदर रझा यांच्या बिंदूसारखं एखादं काळं वर्तुळ गालिच्यात आणायचं आहे, असं धरा. गाठी चौकटीत बसतात, त्यामुळे वर्तुळाची कड पायऱ्यापायऱ्यांची होते. इंचाला सहा गाठी असतील तर पायरी सुमारे चार मिलिमीटरची, दहा असतील तर अडीचची. कोणती पायरी कुठे मोडायची, हे नक्शा काढणारा आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन भरत ठरवतो. ब्रशने विरत नेलेला रंग लोकरीत आपोआप येत नाही. त्यासाठी मधल्या छटा वेगळ्या रंगवाव्या लागतात. मग विणकर ताण्याच्या, म्हणजे उभ्या, दोन धाग्यांभोवती लोकर गुंडाळतो, सुरीने कापतो, ओळ भरली की बाणा, म्हणजे आडवा धागा, घालून पंजाने (दातेरी हत्याराने) ठोकतो. ठोका कमी-जास्त पडला की वर्तुळाचं अंडं होतं. इंचाला आडव्या-उभ्या दहा-दहा गाठी धरल्या तर सहा बाय नऊ फुटांत ७,७७,६०० गाठी होतात. याला नक्कल म्हणणं हा विणकराचा अपमान आहे.

मशीनवर तेच निघतं, हेही खरं नाही. नागपूरच्या बर्डीच्या बाजारात गालिचा बघायला गेलात तर कोपरा उलटा करा. हाताच्या गाठींचा असेल तर मागेही नक्षी गाठीगाठीने दिसते, आणि टोकाची झालर म्हणजे ताण्याचेच धागे असतात. मशीनच्या गालिच्याला झालर बहुधा वरून शिवलेली असते. मागे कापड चिकटवलेलं असेल तर तो टफ्टेड, म्हणजे बंदुकीसारख्या यंत्राने कापडात लोकर घुसवून डिंकावर धरलेला. तो हातगाठीचा म्हणून गळ्यात मारला तर ती खरी लूट, आणि मेसेजमध्ये नेमकी तीच नाही. नावाचे जादा पैसे लावले जातात, हे मान्य. म्हणून दुकानदाराला आधी गाठी किती, लोकर कुठली, विणला कुठे, हे विचारा.

राहिलं ऊन. गालिचे विणणाऱ्या भदोहीत आणि जयपुरातही मे महिना भाजूनच काढतो. आपल्याकडे जपायचं ते पावसाळ्यात, कसर लागू नये म्हणून. तेव्हा गालिचा अधूनमधून उलटून झटकायचा.