डिस्कवर सुई कधीच नव्हती

‘जुन्या कॉम्प्युटरची काढता येणारी डिस्क’ या नावाने एक मेसेज सध्या फिरतोय. त्यातले दावे असे: ती ग्रामोफोनसारखी होती, सुई घासून वाचायची, म्हणून सहा महिन्यांत झिजायची. तिचं वजन एक टन, बदलायला क्रेन लागायची. वीज गेली की डेटा पुसला जायचा. कटकटीला कंटाळून कंपन्यांनी दोन-चार वर्षांत ती फेकून दिली. आणि शेवटी सल्ला: माळ्यावर अशी डिस्क सापडली तर ओल्या फडक्याने पुसून चालवून बघा. माझ्या भाचीने हे सगळं डिप्लोमाच्या सेमिनारच्या स्लाइडवर उतरवलं. तिला खोटं शिकवलं गेलं याचा मला राग आहे, म्हणून हे लिहितोय.

खरी गोष्ट आयबीएम १३११ ची. १९६२ साली आयबीएमने १४४० या लहान व्यवसायांसाठीच्या कॉम्प्युटरसोबत हा ड्राइव्ह, म्हणजे डिस्क फिरवून वाचणारं-लिहिणारं यंत्र, आणला. त्यात बसणाऱ्या पॅकचं, म्हणजे काढता येणाऱ्या तबकड्यांच्या चळतीचं, नाव १३१६. खाली दिलेले बहुतेक आकडे आयबीएमच्या त्या काळच्या माहितीपुस्तकांत आहेत. ती स्कॅन करून बिटसेव्हर्स या जुन्या कॉम्प्युटरांच्या कागदपत्रांच्या संकेतस्थळावर ठेवलेली आहेत. मेसेज लिहिणाऱ्याने त्यातलं एक जरी उघडलं असतं, तरी पुढचं काही लिहावं लागलं नसतं.

आधी सुई. पॅकमध्ये १४ इंच व्यासाच्या सहा तबकड्या एकावर एक, मधे मोकळी जागा. त्यांवर लोहाच्या ऑक्साइडचा लेप. सर्वांत वरची आणि सर्वांत खालची बाजू हाताळताना खराब होऊ शकते म्हणून ती वापरतच नसत. उरलेल्या दहा बाजूंना दहा हेड, म्हणजे डेटा लिहिणारे-वाचणारे छोटे भाग, सगळी एकाच फणीवर बसवलेली. तबकडी मिनिटाला १,५०० फेरे घेते. म्हणजे तिच्या कडेचा वेग ताशी सुमारे १०० किलोमीटर. या वेगाला काहीही घासत राहिलं तर लेप सहा महिने काय, दिवसभरही टिकणार नाही! म्हणूनच हेड तबकडीला टेकत नाही. फिरती तबकडी आपल्याबरोबर हवेचा पातळ थर ओढत नेते आणि तबकडीकडे दाबलेलं हेड त्या थरावर तरंगतं. १३११ मध्ये हे अंतर साधारण तीन मायक्रॉन होतं, माणसाच्या केसाच्या जाडीचा विसावा भाग. हेडमधल्या तारेच्या वेटोळ्यातून प्रवाह गेला की खालच्या लेपाचा बारीकसा तुकडा चुंबकित होतो. वाचताना तोच तुकडा वेटोळ्यात हलकासा विद्युतदाब निर्माण करतो. यात झिजायला काही नाही.

घासणं कधीच घडत नसे असं मात्र मी म्हणणार नाही. हेड खाली बसलं तर लेप खरवडला जायचा, यालाच हेड क्रॅश म्हणतात. पण तो अपघात होता, काम करण्याची पद्धत नव्हे. आणि त्याचं एक मोठं कारण म्हणजे धूळ.

इथेच तो ओल्या फडक्याचा सल्ला घातक ठरतो. तीन मायक्रॉनच्या फटीत फडक्याचा एक धागा किंवा पाण्याचा वाळलेला डागसुद्धा हेडला आदळायला पुरेसा आहे. नुकसान तिथेच थांबतही नाही. खरवडलेला पॅक दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातला की त्याची हेड बिघडतात आणि ती बिघडलेली हेड पुढचा चांगला पॅक खराब करतात. मशीनरूममध्ये ही साखळी लोकांना चांगली माहीत होती. तुमच्याकडे असा पॅक असेल तर झाकणासकट कोरड्या जागी ठेवा. पुसू नका, फिरवू नका.

वजनाचा मुद्दा. विमानात चढवल्या जाणाऱ्या अवाढव्य यंत्राचा जो फोटो सोबत फिरतो, तो खरा आहे. ते १९५६ चं रॅमॅक, आयबीएमचंच आधीचं डिस्क यंत्र: २४ इंची ५० तबकड्या, एक टनाहून जास्त वजन, ५० लाख अक्षरं. पण त्याच्या तबकड्या काढताच येत नसत. १३१६ पॅक साडेचार किलोचा. ड्राइव्हचं झाकण उघडायचं, पॅक स्पिंडलवर, म्हणजे फिरत्या आसावर, ठेवून मूठ फिरवायची, प्लॅस्टिकचं आवरण सुटून हातात येतं. एक माणूस मिनिटभरात करतो. सकाळी पगाराचा पॅक, दुपारी मालसाठ्याचा. एका पॅकमध्ये २० लाख अक्षरं, म्हणजे ८० रकान्यांची २५,००० पंच कार्डं (भोकं पाडून माहिती साठवायची कार्डं). शिवाय हवी ती नोंद सरासरी पाव सेकंदात गाठता येई, टेपसारखी अख्खी गुंडाळी उलगडावी लागत नसे. लहान धंद्यांना हे परवडलं, हीच त्याची थोरवी.

विजेचं एका वाक्यात: लेपाचं चुंबकत्व टिकवायला वीज लागत नाही.

‘दोन-चार वर्षांत फेकून दिली’ हेही साफ खोटं. तोच १३१६ पॅक पुढे आयबीएमच्या सिस्टिम/३६० कॉम्प्युटरच्या २३११ ड्राइव्हमध्ये बसला आणि त्यात ७२ लाख बाइट मावू लागले. १९७० च्या दशकात आयबीएमच्या ३३३० ड्राइव्हचा पॅक १०० मेगाबाइटचा झाला. अडचण होती ती वेगळीच, आणि ती मान्य करायला हवी. एका ड्राइव्हवर लिहिलेला पॅक दुसऱ्यावर वाचायचा तर दोन्हींची हेड नेमकी त्याच रेषेवर यायला हवीत. १३११ मध्ये इंचात ५० ट्रॅक, म्हणजे डेटा लिहायच्या गोल रेषा, होते, तिथे हे जमत होतं. ट्रॅक दाटीने बसू लागले तसं ते अवघड झालं. म्हणून ३३३० मध्ये तबकडीची एक अख्खी बाजू फक्त हेडला जागा दाखवण्यासाठी राखून ठेवली गेली आणि १९७३ च्या ३३४० ड्राइव्हमध्ये तर हेडच काढता येणाऱ्या बंद डब्यात तबकड्यांसोबत घातली गेली.