ब्रॉड स्ट्रीटची ब्रुअरी आणि पंपाचं पाणी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. लेख शेवटपर्यंत वाचून एवढी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आधी आभार. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. लंडनच्या गल्ल्यांमधल्या ब्रुअऱ्यांवरच्या (म्हणजे बिअरच्या कारखान्यांवरच्या) माझ्या लेखाला यांचे मुख्य आक्षेप दोन आहेत. जुन्या इंग्लंडात पाणी इतकं घाण होतं की लोक बिअरच पीत आणि म्हणून तगले, ही ‘जगजाहीर’ गोष्ट मी लिहिली नाही; पुरावा म्हणून ते कॉलऱ्याच्या साथीत वाचलेले ब्रॉड स्ट्रीटच्या ब्रुअरीतले कामगार दाखवतात. आणि बिअर बनवणाऱ्या मालकांना मी वस्तीचे आधारस्तंभ करून टाकलं. पण पहिला आक्षेप खरा धरला, तर ब्रुअर वस्तीचा तारणहारच ठरतो की! मग त्याला डोक्यावर घेतलं कोणी, मी की तुम्ही?

पहिली गोष्ट मी मुद्दामच वगळली, कारण ती खरी नाही. तेराव्या शतकातच लंडनकरांनी शहराबाहेरच्या टायबर्न ओढ्याच्या बाजूचं झऱ्याचं पाणी शिशाच्या नळांतून चीपसाइड या बाजाराच्या रस्त्यापर्यंत आणलं होतं. तिथल्या हौदाला ‘ग्रेट कॉन्ड्युइट’ म्हणत. १३४५ साली शहराच्या कारभाऱ्यांकडे तक्रार आली, ती ब्रुअरांविरुद्ध. हौद बांधला तो श्रीमंतांना आणि मध्यमवर्गीयांना स्वयंपाकासाठी आणि गरिबांना पिण्यासाठी पाणी मिळावं म्हणून. पण आसपासचे बिअरवाले आणि माल्टवाले (माल्ट म्हणजे बिअरसाठी मोड आणून वाळवलेलं धान्य) इतकं पाणी उपसून नेतात की कोणालाच पुरत नाही. मग हुकूम निघाला: ब्रुअरांनी या हौदाचं पाणी न्यायचं नाही, पहिल्यांदा सापडला तर भांडं जप्त. आता सांगा, लोक पाणी पीतच नव्हते, तर गरिबांच्या पिण्याच्या पाण्यासाठी हा खटाटोप कशाला? बिअर लोक प्यायचे, भरपूर प्यायचे. पण आवडायची म्हणून, पोटाला आधार म्हणून, आणि पुष्कळ ठिकाणी मजुरीबरोबर मिळायची म्हणून.

आता ब्रॉड स्ट्रीट. लंडनच्या सोहो भागातला सेंट जेम्स पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतली वस्ती), १८५४ सालची कॉलऱ्याची साथ. कॉलरा पाण्यातून पसरतो असं मानणारे डॉ. जॉन स्नो मृतांच्या याद्या तपासत होते. त्यांचा संशय त्या रस्त्यावरच्या सार्वजनिक पंपाच्या पाण्यावर होता. पंपाच्या जवळच ब्रुअरी आहे, पण तिथला एकही कामगार यादीत नाही, हे त्यांना खटकलं आणि ते थेट मालक हगिन्स यांच्याकडे गेले. सत्तरहून जास्त कामगार, त्यातले दोघे किरकोळ आजारी, बाकी ठणठणीत. कामगारांना ठरलेली बिअर मिळे, हे खरंच. मालकाच्या मते ते पाणी पीतच नसत. पण पंपाचं पाणी त्यांनी कधी आणलं नाही, याची त्याला पक्की खात्री होती. ब्रुअरीत स्वतःची खोल विहीर होती, शिवाय न्यू रिव्हर कंपनीचं पाणी येई. तुम्ही बिअर उचललीत आणि विहीर सोडून दिलीत.

त्याच वस्तीतलं पोलंड स्ट्रीटचं वर्कहाउस (निराधार गरिबांना ठेवायची जागा) बघा. चहूबाजूंच्या घरांत माणसं मरत होती, पण आतल्या ५३५ जणांपैकी कॉलऱ्यानं गेले फक्त पाच. का? तिथेही आवारात स्वतःची विहीर होती, शिवाय दुसऱ्या एका कंपनीचं पाणी. उलट ब्रॉड स्ट्रीटवरच बंदुकीचा बार उडवणाऱ्या टोप्यांचा कारखाना होता. कामगारांना तहान लागेल म्हणून मालकांनी पंपाच्या पाण्याची दोन पिंपं कायम भरून ठेवलेली. तिथले अठरा जण गेले.

आणि ‘दारूनं वाचवलं’ म्हणणाऱ्यांनी स्नो यांची आणखी एक नोंद वाचायलाच हवी. आसपासच्या सगळ्या पबमध्ये कडक दारूत हेच पंपाचं पाणी मिसळत. छोटी दुकानदार मंडळी त्यात फेसाळणारी पूड घालून ‘शरबत’ म्हणून विकत. एका कॉफीच्या दुकानात जेवणाबरोबर ते देत. आपली नऊ गिऱ्हाइकं गेल्याचं तिथल्या मालकिणीला ६ सप्टेंबरपर्यंत कळलेलं होतं. दोनच दिवसांनी, पॅरिशचा कारभार बघणाऱ्या गार्डियन मंडळाच्या परवानगीनं, पंपाचा दांडा काढला. (स्नो स्वतः आयुष्याचा बराच काळ दारूला शिवत नसत. आज त्याच रस्त्यावर त्यांच्या नावाचा पब आहे!)

राहिलं उदात्तीकरण. लंडनच्याच सेंट जाइल्स पॅरिशमधल्या दुर्घटनेला मी दोनच ओळी दिल्या ही तुमची तक्रार रास्त आहे, म्हणून इथे थोडं जास्त लिहितो. १७ ऑक्टोबर १८१४. म्यू यांच्या हॉर्स शू ब्रुअरीत २२ फूट उंच लाकडी पिंपाचं एक लोखंडी कडं दुपारी निसटलं. अशी कडी वर्षातून दोन-तीनदा निसटत, त्यामुळे कोणी घाबरलं नाही. कारकुनानं दुरुस्तीची चिठ्ठी लिहिली, आणि ती हातात असतानाच पिंप फुटलं. मागच्या न्यू स्ट्रीटमधल्या तळघरात एका दोन वर्षांच्या आयरिश पोराच्या प्रेताशेजारी माणसं जमली होती. पोर्टरचा (काळपट बिअरचा) लोंढा थेट त्यांच्यावर गेला. एकूण आठ मेले, सगळ्या बायका आणि मुलं. चौकशी पॅरिशच्या वर्कहाउसमध्येच झाली. निकाल: अपघात, दोष कोणाचाच नाही. वाहून गेलेल्या बिअरवर भरलेला कर मात्र मालकांना पार्लमेंटनं परत मिळवून दिला. अशा माणसांना आधारस्तंभ म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि लेखातही मी तसं म्हटलेलं नाही. त्यांच्याकडे पॅरिशची माणसं कामाला होती, त्यांच्या भिंतीला टेकून पॅरिशची घरं होती, एवढंच म्हटलं होतं.

चर्चच्या पॅरिशशी दारूचा संबंध ओढूनताणून जोडला, असंही तुम्ही म्हणता. अहो, पॅरिश स्वतःच बिअर बनवायचा! ‘चर्च एल’ नावाची जत्राच भरे (एल म्हणजे बिअरचाच एक प्रकार). चर्चवॉर्डन, म्हणजे चर्चचा कारभार बघणारे, माल्ट गोळा करणार, एल बनवून गावाला विकणार आणि त्या पैशांत छपराची डागडुजी करणार. जुन्या हिशेबवह्यांत हे सगळं रीतसर मांडलेलं आहे. प्युरिटन या कडक धर्मनिष्ठ मंडळींना ते खुपत होतं, ही गोष्ट वेगळी.

लेखाच्या डोक्यावर ‘मद्यपान आरोग्यास हानिकारक’ अशी ओळ टाका, ही सूचना मात्र मानत नाही. कॉफीच्या दुकानात पंपाचं पाणी पिऊन गेलेल्या नऊ जणांच्या गोष्टीवर ती चिकटवायची कुठे?