सतरा मिनिटं चौदा सेकंद

पक्या बार्सिलोनाची जर्सी घालून कट्ट्यावर आला आणि फुटबॉलवरून गाडी थेट स्पेनमधल्या कॅटलोनिया प्रांताच्या स्वातंत्र्यावर गेली. गिरगावात हे असंच होतं. त्याने मोबाईलवर क्लिप लावली: मॅचच्या १७ मिनिटं १४ सेकंदांना अख्खं स्टेडियम स्वातंत्र्याची आरोळी ठोकतं. का, तर १७१४ साली बार्सिलोना स्पेनच्या राजाच्या फौजेपुढे पडलं म्हणून.

"तीनशे वर्षांचं रडगाणं," बारक्या म्हणाला. "खरं कारण पैसा. श्रीमंत भाग, टॅक्स वाटायचा नाही. उद्या मुंबई म्हणाली आमचं आमच्याकडे, तर गडचिरोलीचा रस्ता कोण करणार?"

मला हे अर्धं पटतं. नुसता पैशाचा हिशेब असेल तर ती चळवळ न्याय्य म्हणणं जड जातं. पण स्पेनचा हुकूमशहा फ्रँकोच्या काळात त्यांची कॅटलान भाषा सरकारदरबारातून आणि शाळांतून हद्दपार होती, त्याचं काय?

सावंतकाका पेपरमागून बोलले, "आपल्याकडे १०६ हुतात्मे झाले ते भाषेसाठीच. पण आपण राज्य मागितलं रे, देश नाही."

"आणि १९६० ला मिळालं!" पक्या उसळला. "कॅटलोनियानेही आधी तेच केलं. २००६ मध्ये स्वायत्ततेचा नवा कायदा, स्पेनच्या संसदेत मंजूर, वर लोकांचं मतदान. २०१० मध्ये स्पेनच्या घटना कोर्टाने त्यातली १४ कलमं पूर्ण किंवा अर्धवट उडवली. तेव्हापासून पेटलं ते."

इथे पक्याचा मुद्दा बिनतोड होता. कायद्याने मागितलेलं कायद्यानेच काढून घेतलं, की माणूस दुसरं दार शोधतो.

मग १ ऑक्टोबर २०१७ चं, माद्रिदच्या स्पेन सरकारने बेकायदा ठरवलेलं स्वातंत्र्याचं मतदान निघालं. मतदान ४३ टक्के, त्यात स्वातंत्र्याला ९० टक्के. काकांनी पेपर घडी घातला. आमच्या चाळीच्या रिडेव्हलपमेंटचे कागद तेच सांभाळतात. "आपल्याला ५१ टक्के संमती लागते ती सगळ्या भाडेकरूंची. मीटिंगला आले त्यांच्यातली नव्हे. यांचे एकूण मतदारांत चाळीस टक्केही होत नाहीत. एवढ्यावर चाळ पाडता येत नाही, देश काय मोडतोस!"

"काका, पोलीस पेट्या उचलून नेत होते, लाठ्या चालवत होते. विरोधातले तर आलेच नाहीत. आकडा खरा येणार कसा?" पक्या म्हणाला.

दोघांचंही खरं. मला तरी त्या आकड्यावर स्वातंत्र्य जाहीर करणं चूक वाटतं, आणि त्यासाठी नेत्यांना ९ ते १३ वर्षांची शिक्षा त्याहून मोठी चूक. पुढे २०२१ मध्ये माफी द्यावीच लागली.

इतका वेळ गप्प असलेला मन्या कटिंगचा ग्लास टपरीवर ठेवून आला. "स्कॉटलंडला लंडनने २०१४ मध्ये स्वातंत्र्यावर रीतसर मतदान घेऊ दिलं. जवळजवळ ८५ टक्के लोक मतदानाला गेले आणि ५५ टक्के नाही म्हणाले. कॅटलोनियाही कदाचित नाहीच म्हणाला असता."

"मग माद्रिदचं विचारायला काय जात होतं?" पक्या म्हणाला.

बारक्या राज्यघटनेचं काहीतरी बोलायला लागला, अखंड स्पेन वगैरे. काकांनी पेपर पुन्हा उघडला, पण पान उलटलं नाही.