जॉर्ज व्हेझिनाला 22 मुलं नव्हती

खेळाडूंच्या थक्क करणाऱ्या गोष्टी म्हणून जो मजकूर वरचेवर फिरत असतो, त्यात जॉर्ज व्हेझिना हमखास असतो. सांगतात ते असं: आइस हॉकीच्या सुरुवातीच्या काळातल्या या कॅनडाच्या गोलकीपरला 22 मुलं होती, तीही नऊ वर्षांत, कारण तीन वेळा तिळं झालं. त्याला इंग्रजीचा शब्द येत नव्हता. 15 वर्षांत त्याने एकही सामना चुकवला नाही. आणि शेवटी गोलसमोर उभ्याउभ्याच त्याने प्राण सोडला.

यातली सामन्यांची गोष्ट तेवढी खरी आहे.

आधी 22 मुलांचं बघू. तीन वेळा तिळं म्हणजे तीन बाळंतपणांत नऊ मुलं. उरली 13. ती एकेक करून जन्मली असं धरू. तिळ्यांचे दिवस बहुतेकदा लवकर भरतात, म्हणून तिथे सातच महिने मोजू: 21 महिने. बाकीच्या 13 बाळंतपणांचे प्रत्येकी नऊ महिने, म्हणजे 117. बेरीज 138 महिने. नऊ वर्षांचे महिने होतात 108. मध्ये एका दिवसाची उसंत न धरतासुद्धा हिशेब बसत नाही. मला याचा राग येतो तो यासाठी की ही गोष्ट पुढे पाठवताना त्या बाईचा विचार कुणाच्याच मनात येत नाही. तिचं नाव स्टेला मोरिन. 1908 साली तिचं व्हेझिनाशी लग्न झालं आणि त्यांना दोन मुलगे झाले. थोरला जाँ-ज्यूल. धाकटा जन्मला 1916 मध्ये, व्हेझिनाच्या मॉन्ट्रियल कॅनेडियन्स संघाने पोर्टलंडला हरवून पहिल्यांदा स्टॅनली कप हा आइस हॉकीतला मानाचा चषक जिंकला त्याच रात्री. त्याचं नाव ठेवलं मार्सेल स्टॅनली. ही गोष्ट पुरेशी सुंदर नाही का? तिला 20 मुलांची जोड कशाला हवी?

मग 22 चा आकडा आला कुठून? संघाचा मालक आणि व्यवस्थापक लिओ डॅन्डुरँड याच्या तोंडून. त्याने पत्रकारांना हे सगळं सांगितलं, त्यांनी ते जसंच्या तसं छापलं. लोकांना ते पटलं, कारण कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातली फ्रेंच भाषिक कॅथलिक कुटुंबं लेकुरवाळी म्हणून ओळखली जायची. दहा-बारा मुलांची घरं तिथे खरोखरच होती. इंग्रजी भाषिकांच्या मनात फ्रेंच माणसाचं जे चित्र आधीपासून होतं, त्यात हा आकडा अलगद बसला. व्हेझिना अबोल माणूस, त्याने खुलासा करत बसण्याचा प्रश्नच नव्हता.

इंग्रजीचंही तेच. ते डॅन्डुरँडच्या त्याच बोलण्यातून आलेलं आहे. व्हेझिनाला मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं. आणि अडायचं तरी कुठे? कॅनेडियन्स हा संघ 1909 मध्ये मुळी फ्रेंच भाषिक खेळाडूंसाठीच उभा केलेला.

आता खरी गोष्ट, जी या सगळ्याखाली दडपली जाते. व्हेझिना क्वेबेकमधल्या शिकुटिमी गावचा, बेकरीवाल्याचा मुलगा. लहानपणी तो बुटांवरच गोल अडवायचा. जाणतं वय होईपर्यंत त्याने पायात स्केट्स घातलेच नाहीत. फेब्रुवारी 1910 मध्ये कॅनेडियन्स संघ त्याच्या गावी सामना खेळायला गेला. संघाचा गोलकीपर जोसेफ कॅटारिनिच याने समोरच्या टोकाला उभा असलेला हा मुलगा पाहिला आणि त्याला घ्या म्हणून स्वतःच संघाकडे आग्रह धरला. आपल्या जागेवर दुसऱ्याला बसवायला असं मन लागतं. 31 डिसेंबर 1910 ला व्हेझिना पहिला सामना खेळला. तिथून पुढे 328 साखळी सामने आणि प्लेऑफचे, म्हणजे साखळीनंतरच्या निर्णायक फेऱ्यांचे, 39, सगळे सलग.

हा आकडा नीट समजून घ्यायला हवा. चेहऱ्यावर मुखवटा नाही. जानेवारी 1918 पर्यंत तर नियमच असा होता की गोलकीपरने बर्फावर पडून किंवा गुडघे टेकून पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, अडवायचा नाही. जे काय करायचं ते उभं राहून, काठीने, पायांनी, अंगाने. नियम सुटला तेव्हा बरेच जण बर्फावर झोकून देऊ लागले. व्हेझिना मात्र बहुतेक वेळा उभाच राहिला. पक कुठे येणार हे आधी ओळखायचं आणि काठी तिथे नेऊन ठेवायची, अशी त्याची पद्धत. चेहऱ्यावरची रेषही हलायची नाही, म्हणून त्याला ‘शिकुटिमीची काकडी’ म्हणत, काकडीसारखा थंड. 18 फेब्रुवारी 1918 ला टोरंटोविरुद्ध 9-0 ने जिंकताना त्याने एकही गोल होऊ दिला नाही. नॅशनल हॉकी लीगमध्ये असं पहिल्यांदाच घडत होतं. आणि वयाच्या अडतिसाव्या वर्षी, 1924-25 च्या हंगामात, त्याने सामन्याला सरासरी दोनपेक्षाही कमी गोल दिले.

राहिला मृत्यू. 28 नोव्हेंबर 1925, पिट्सबर्गविरुद्धचा सामना. अंगात 102 ताप होता, तरी तो उतरला. पहिल्या सत्रात एकही गोल दिला नाही. मध्यंतरात रक्ताची उलटी झाली. दुसऱ्या सत्रासाठी पुन्हा जागेवर आला आणि कोसळला. त्याच्या जागी अल्फोन्स लाक्रुआ उभा राहिला. पण व्हेझिना त्या रात्री गेला नाही. क्षयाचं निदान झालं. क्षयावरची पहिली परिणामकारक औषधं यायला अजून जवळजवळ वीस वर्षं होती. तो शिकुटिमीला परतला आणि 27 मार्च 1926 ला, 39 व्या वर्षी, तिथल्या रुग्णालयात वारला. मध्ये चार महिने होते. ते चार महिने गाळून ‘गोलसमोर प्राण सोडला’ म्हणणं म्हणजे त्याच्या दुखण्याची आणि स्टेलाच्या त्या हिवाळ्याची दखलच न घेणं.

पुढच्या हंगामात संघाच्या मालकांनी त्याच्या नावाने गोलकीपरसाठी चषक दिला. त्या मालकांमध्ये डॅन्डुरँड होता आणि व्हेझिनाला शोधून आणणारा कॅटारिनिचही. पहिला व्हेझिना चषक मिळाला जॉर्ज हेन्सवर्थला, जो कॅनेडियन्समध्ये व्हेझिनाच्या जागेवर आला होता.